अम्मांची पुढची सीट

गाडी सुरू झाली की अम्मांचं तोंड सुरू होतं, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे, म्हणजे अप्पा, स्टिअरिंगवर आणि अम्मा त्यांच्या शेजारी. बस येतेय हं, डावीकडे स्कूटर, पुढे स्पीडब्रेकर आहे, सिग्नल लाल झाला. म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या घरातून निघून भाजीला जायचं असो की लग्नाला, हा रेडिओ बंद व्हायचा नाही. माझा नवरा मागे बसून मला कोपर मारायचा. गेल्या दोनेक वर्षांत तर हे फारच वाढलं होतं. वय झालं की माणूस भित्रा होतो, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. खरं तर घरात भित्री मी. मुलीला यायला जरा उशीर झाला तरी माझ्या डोळ्यांपुढे नाही नाही ते येतं.

त्या हिवाळ्यात माझी आई कोल्हापूरहून आमच्याकडे राहायला आली. राजवाडा झाला, प्राणिसंग्रहालय झालं, राहिली होती चामुंडी टेकडी. आमच्या घरात तिला नुसतं बेट्ट म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये डोंगर. नवरा कामासाठी चेन्नईला गेला होता, म्हणून मी टॅक्सी बोलावते म्हटलं. अप्पांना ते लागलं. घरची गाडी असताना विहीणबाईंना भाड्याच्या गाडीतून न्यायचं का, एवढं बोलून ते रात्री जेवताना माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

सकाळी खाली आलो तर अम्मा पुढच्या दाराला हात लावून उभ्या. आईला घाटात गाडी लागते, तेव्हा मी म्हटलं, अम्मा, आज आईला पुढे बसू द्या. त्या म्हणाल्या, मी पुढेच बरी. मला रागच आला. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला मागे कोंबायचं ही कुठली रीत? मी जरा ताडकन पुन्हा तेच म्हटलं. आई बिचारी नको नको म्हणत राहिली. शेवटी अप्पाच म्हणाले, बसू दे की त्यांना. अम्मांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने त्यांच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मध्ये माझी सात वर्षांची मुलगी आणि कडेला मी.

गावात सगळं ठीक होतं. अम्मा पुढे वाकून अप्पांच्या कानाशी बोलत होत्या, एक हात त्यांच्या खांद्यावर. पण आईलाही बोलायची हौस. ही झाडं कसली, माकडं खाली येतात का, कोल्हापूरला जोतिबाला जाताना असाच रस्ता लागतो. अप्पा पडले अगत्याचे, ते प्रत्येक वेळी तिच्याकडे वळून उत्तर देत. अम्मांचा आवाज चढत गेला. एक स्पीडब्रेकर असा आदळला की मुलीचं डोकं टपाला लागलं. मी अम्मांना म्हणणार होते, जरा त्यांना शांतपणे चालवू द्या, इतक्यात वळण आलं आणि वरून सायकलवाले उतरताना दिसले. अम्मा ओरडल्या. गाडी करकचून थांबली. एक सायकलवाला आमच्या बॉनेटला जवळजवळ टेकला होता. त्याने पाय खाली टेकवला, कन्नडमध्ये चार शब्द सुनावले आणि गेला.

हल्लीच्या पोरांना शिस्त नाही, अप्पा म्हणाले. पण मी पाहिलं होतं. तो पोरगा त्याच्या बाजूने येत होता. आम्हीच त्याच्या बाजूला गेलो होतो. उरलेली वळणं मी मुलीचा हात इतका घट्ट धरून काढली की ती म्हणाली, मम्मी, दुखतंय.

वर दर्शन झालं. मुलीने महिषासुराच्या पुतळ्याखाली त्याच्यासारखाच हात उगारून फोटो काढून घेतला. आई खूश होती. माझं मात्र कशातच लक्ष नव्हतं. उतरायचंय, एवढं एकच डोक्यात होतं. मग अप्पा आम्हाला कठड्यापाशी घेऊन गेले. त्यांचा हा आवडता कार्यक्रम. पाहुणा कुणीही असो, इथे उभं करून ते त्याला सगळं म्हैसूर बोटाने दाखवतात.

वर लख्ख ऊन होतं आणि खाली धुकं. कापूस पिंजून ठेवल्यासारखं सगळं पांढरं, शहराचा मागमूस नाही. आणि अप्पा बोट दाखवत होते. तो बघा राजवाडा, त्याच्या उजवीकडे चर्चचे दोन मनोरे. इकडे खाली पांढरा दिसतो तो ललितमहाल. घड्याळाच्या टॉवरच्या मागे, जरा डावीकडे, आमचं घर. एका सुरात, न अडखळता, दरवेळी सांगतात तसं. आईने आधी हो हो म्हटलं, मग हळूच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते थट्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर थट्टेचं काही चिन्ह नव्हतं.

माझी मुलगी त्यांना इथल्या रीतीने ताता म्हणते. ती कठड्यावर चढून म्हणाली, "ताता, काहीच दिसत नाहीये. सगळं पांढरं आहे."

अप्पांचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हालाही पांढरंच दिसतंय? मी समजलो, मला एकट्यालाच."

आई मुलीला घेऊन काकडीच्या हातगाडीकडे गेली. माझ्या आईला फार शिक्षण नाही, पण कुठून उठून जायचं ते तिला बरोबर कळतं. अप्पा बाकावर बसले. मी अम्मांना बाजूला घेतलं आणि सरळच विचारलं.

त्यांनी लपवलं नाही. एक डोळा जवळपास गेलेला, दुसरा धुरकट. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून सांगितलेलं. मुलाला कळलं तर तो त्याच दिवशी किल्ली काढून घेईल, म्हणून कुणाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर काही महिने अप्पा खुर्चीतून उठेनासे झाले होते. त्यांना घराबाहेर काढलं ते या गाडीने. ती गेली तर हे परत खुर्चीत बसतील, ही अम्मांची भीती.

"मी बघते, ते चालवतात," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून एक ड्रायव्हर, अष्टे." अष्टे म्हणजे बस, एवढंच.

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. माझी मुलगी आठवड्यातून दोनदा याच गाडीतून नाचाच्या क्लासला जात होती. मी स्वतः तिला मागे बसवून बेल्ट लावून द्यायचे आणि टाटा करायचे. आणि आम्ही ज्या बडबडीला हसत होतो, तिच्यावर ती गाडी चालत होती. मी म्हटलं, अम्मा, माझ्या पोरीला काही झालं असतं म्हणजे? त्या म्हणाल्या, ती गाडीत असली की मी पापणी पण मिटत नाही.

आता प्रश्न उतरण्याचा होता. मला लायसन्स आहे, पण मी चालवते स्कूटर. गाडी कधीतरी रविवारी रिकाम्या रस्त्यावर, नवरा शेजारी असताना. घाट कधीच नाही. टॅक्सी बोलावली असती तर अप्पांची गाडी वर सोडून, विहिणीच्या देखत, त्यांना त्यात बसवावं लागलं असतं. आणि काहीच न बोलता अम्मांना पुन्हा पुढे बसवलं असतं तर सगळं आल्यासारखं खालीही गेलं असतं. खरं सांगते, तोही विचार माझ्या मनात येऊन गेला. मग काकडी खात येणारी मुलगी दिसली आणि मी बाकाकडे गेले.

"अप्पा, किल्ली द्या."

ते समोर बघत राहिले. धुकं विरळ होत होतं, चर्चचे मनोरे वर आले होते. त्यांनी विचारलं, "तुला घाट येतो?"

"नाही."

"भीती वाटते?"

"खूप."

त्यांनी खिशात हात घातला. किल्ली माझ्या हातात दिली नाही, बाकावर माझ्या बाजूला ठेवली आणि उठून गाडीकडे चालू लागले. मागचं दार त्यांनी चाचपडून उघडलं. आम्ही पाहतोय हे त्यांना माहीत असूनही त्यांनी ते लपवलं नाही.

आई पुढे माझ्या शेजारी बसली आणि देवीचं नाव घेऊ लागली. पहिल्याच उतारावर माझी गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजले. मी पुन्हा सुरू केली. पहिल्या गिअरवर, बैलगाडीच्या चालीने, प्रत्येक वळणावर श्वास धरून उतरत होते. तळहातांना इतका घाम की स्टिअरिंग निसटेल असं वाटत होतं. मागे अप्पा, अम्मा आणि मध्ये मुलगी. अम्मा एकदा बस येतेय म्हणाल्या, एकदा वळण आलं म्हणाल्या आणि मग स्वतःच गप्प झाल्या.

थोडं खाली आल्यावर अप्पांचा आवाज आला. ते अम्मांशी बोलत होते, आम्हाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण गाडीत दुसरा आवाजच नव्हता.

"आता तरी बाहेर बघ," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, तू नुसता रस्ताच बघतेस."

अम्मांनी काय केलं ते मला कळलं नाही. मला आरशात बघायचं होतं, पण समोर वळण आलं होतं.