डोळे राहिलेले चेहरे

आमच्या गल्लीतले म्हातारे विणकर काका बोलताना कधी डोळ्यांत बघत नाहीत. त्यांची नजर कपाळ, गाल, हनुवटी अशी खाली उतरते आणि बोटं गुडघ्यावर धागे मोजत राहतात. कुणी वारलं की ते त्या माणसाचा चेहरा हातमागावर विणून घरच्यांना भिंतीवर लावायला देतात. लोक पैसे देतात.

मी इन्कमटॅक्सची रिटर्नं भरून देतो, म्हणून एकदा त्यांच्या घरी बसून चष्मा सारखा करत म्हणालो, "काका, हा धंदा म्हणून दाखवायला लागेल."

"धंदा कुठला? छंद हाय की आपला!"

"एखाद्‌दुसरं विणलं तर छंद. पण नफ्यासाठी नेमानं विणत असाल, विकायचा माल तयार ठेवत असाल, तर तो धंदाच."

मग उठून त्यांनी कपाट उघडलं आणि आतल्या घड्या एकेक करून उलगडल्या. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, बालवाडीच्या बाई, आमचा दूधवाला. सगळे त्याच सकाळी मला भेटलेले, धडधाकट. डोळ्यांच्या जागा तेवढ्या कोऱ्या.

"ऐन वेळी घाईत चेहरा नीट जमत न्हाय, म्हणून आधीच विणतो. डोळे सुईनं भरतो, निरोप आल्यावर. हे मालात धरायचं व्हय?"

"हो," मी कसाबसा म्हणालो आणि उठलो.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते पहिल्यांदाच थेट माझ्या डोळ्यांत बघत होते.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "आता चष्मा बदलू नका."