पलीकडचं रान

स्वतःच्या भावानं फसवून लाटलेल्या रानातच तो म्हातारा मेंढपाळ दर उन्हाळ्यात खतासाठी मेंढ्या बसवायचा. सकाळी मी केजला जाताना ते दोघं भाऊ बांधावर एकाच किटलीतला चहा पिताना दिसायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. माझ्या भावानं आमचा बांध वीतभर कोरला, तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही.

एकदा न राहवून विचारलं, "बाबा, भावाचा राग येत नाही?"

हातातली लेंडी चुरत तो म्हणाला, "लई वर्सं आला. रान काय माघारी आलं न्हाई."

यंदा त्याला माझ्या रानात बोलावलं. सकाळी मेंढ्या उठवताना त्यानं बांधापलीकडे, माझ्या भावाच्या रानाकडं काठी दाखवली. "आता तिकडं बसवू का?"

मी नको म्हणालो. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही, याचा मला अजून राग आहे.