दाराशी टांगलेला फ्रॉक

शिंपीणबाईंना कुणी कंबर सांगितली, तरी त्या पुन्हा टेप लावणार. आणि टेप लावता लावता गिऱ्हाइकाच्या चपलांपासून चुलत्यांपर्यंत सगळी चौकशी करणार. असल्या बाईने प्रेमात पडू नये. पण समोरच्या गाळ्यात घड्याळवाला राहायला आला, सोबत लहानगी छकुली, आणि चाळिशी उलटलेल्या बाईंच्या हातून बटणं भलतीकडे लागायला लागली.

लग्नाचं बोलणं झालं, तरी बाईंच्या मनात पाल चुकचुकतच होती. तो पोरीला शाळेत घालत नव्हता. गाव, आडनाव विचारलं की हसण्यावारी न्यायचा. एकदा तर पोरीने त्याला "मामा" म्हटलं आणि जीभ चावून "बाबा" केलं. पोर कुणाची तरी उचलून आणली असेल तर? बाईंची झोपच उडाली.

छकुलीचा जुना पिवळा फ्रॉक आखूड झाला, तेव्हा त्याने हुबेहूब तसाच नवा शिवायला दिला, गळ्याशी निळ्या चिमण्या भरलेला. बाईंची रीत अशी, की चांगला उतरलेला कपडा आधी दुकानाच्या दाराशी टांगायचा. तीच त्यांची जाहिरात. घड्याळवाला भिंग डोळ्याला तसंच ठेवून धावत आला.

"काढा तो आधी! जगाला दाखवायचंय काय त्यात?"

फ्रॉकला भिणारा पुरुष बाईंनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी फ्रॉक काढला, काजं राहिलीत म्हणून स्वतःकडेच ठेवून घेतला. पण छकुलीला त्यांच्याकडे सोपवून तो बाजारात गेला, की त्या पुन्हा टांगायच्या. कुठे पाणी मुरतंय ते कळू दे एकदा!

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ दाराशी थबकला. चिमण्यांवर बोट फिरवताना त्याचे डोळे भरून आले.

"ताई, अशा चिमण्या माझी बायको काढायची. माझी मुलगी पळवलीय हो कुणीतरी."

म्हणजे आपला संशय खरा! "थांबा हं," म्हणत त्या वळल्या.

छकुली मशीनखाली शिरली होती. आवाज फुटू नये म्हणून तिने चिंध्यांचा बोळा स्वतःच तोंडात कोंबला होता, रोजची सवय असावी तसा. बाई परत दाराशी आल्या.

"नमुना घाऊक बाजारातला आहे," त्या म्हणाल्या. "असे ढीगभर मिळतील तिथे."

"असं? येतो मी संध्याकाळी पुन्हा," तो गोड हसून म्हणाला, आणि समोरच्या बंद गाळ्याकडे बघत गेला.

घड्याळवाला परतला तेव्हा बाईंनी काही लपवलं नाही. "मीच टांगला. तुमच्यावर संशय होता म्हणून."

त्याने आधी दार लोटून घेतलं. "बहिणीची पोर आहे ही. बहीण त्याच्याच हातून गेली आणि तो सुटला. कायद्याने चोर मीच."

तो ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो नुसता हत्यारं गुंडाळायला लागला.

बाईंनी छकुलीचे कपडे पिशवीत भरले. मीपण येते, हे अगदी ओठांवर होतं. पण दोन्ही दुकानं बंद दिसली, तर तो माणूस लगेच माग काढणार. कुणीतरी इथे बसून त्याच्याशी खोटं बोलायला हवं होतं.

मागच्या दाराशी घड्याळवाला थांबला. "माझं खरं नाव तरी ऐका..."

ज्या नावासाठी जिवाची एवढी तगमग केली, ते यायच्या आत बाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नको. मला नका सांगू. तो ते नाव घेईल, तेव्हा मला खरंच माहीत नसायला हवं."