पडले होते तसे

नझीर दापोलीकडचा. खाडीकाठच्या गावात त्याच्या घरी गडगे रचायचं काम पिढीजात. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न घालता नुसता दगडावर दगड बसवून उभी केलेली कुंपणाची भिंत. बघायला सोपी. दगड उचलला की तो जागेवर बसलाच पाहिजे. एकच दगड दोनदा उचलायची सवय लागली तर संध्याकाळी कंबर जाब विचारते. नझीर दोनदा उचलत नसे.

मी गवंडी. आता काम सोडून घरी बसलो आहे, नझीर अजून कुवेतलाच आहे. तिथे आम्ही एकाच ठेकेदाराकडे होतो, फिंतासला एकाच खोलीत राहत होतो. माझ्या हातात ओळंबा दिसला की तो सुरू व्हायचा.

"राजाभाऊ, ही दोरी नसती तर तू उपाशी मेला असतास."

"तू कसा जगलास मग?"

"मला अल्लाने डोळे दिले. तुला दोरी दिली."

एका पावसाळ्यानंतर हे बोलणं बंद झालं. त्याचा धाकटा भाऊ आमिर गावाकडे मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. वादळानंतर बोट सापडली, आमिर सापडला नाही. आईने निक्षून सांगितलं, माझा मुलगा हरवलाय, मेला नाही. त्याच्या नावाने कबरस्तानात एक दगडसुद्धा ठेवायचा नाही. कोणी ठेवला नाही.

नझीर कामावर येत राहिला. पण त्याला हाक ऐकू यायला लागली. घमेलं खाली ठेवताना, नळावर तोंड धुताना. "भाई." एवढीच. तो मान वळवायचा. मागे कोणी नसायचं. झोप गेली, हाताचा नेम गेला. माझ्यासमोर त्याने एक दगड तीनदा उचलला. तेव्हा मला भीती वाटली.

त्या हिवाळ्यात ठेकेदाराने आम्हाला सुबियाला पाठवलं. खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडला की शहर मागे राहतं आणि नुसतं वाळवंट. तिथे एका फार जुन्या वस्तीचं खोदकाम चालू होतं. जमिनीत घरांच्या पायाच्या दगडांच्या ओळी, मधून गल्ल्या. चालताना आपण कोणाच्या तरी ओटीवर पाय देतो आहोत असं वाटायचं. वरच्या अंगाला कडा. वाऱ्याने खडक खालून खाल्लेले, डोकी तेवढी जाड राहिलेली. दुपारी वारा सुटला की त्यांच्या भोकांतून आवाज यायचा. कड्याच्या पायथ्याशी दगडांच्या गोल कबरी, बहुतेक ढासळलेल्या.

आमचं काम वाळू चाळायचं, घमेली वाहायचं. पहिल्याच दिवशी नझीर म्हणाला, "हितं तो जवळ हाय."

जेवणाच्या सुट्टीत तो कड्याकडे जाऊ लागला. मला वाटलं, नमाजला जातो. एकदा त्याची पाण्याची बाटली खाली राहिली म्हणून मी मागून गेलो. बघतो तर एका ढासळलेल्या कबरीचं कडं पुरं उभं. जड दगड तळाला, चांगलं तोंड बाहेर, प्रत्येक थर किंचित आत कललेला, फटींत कपच्या ठोकलेल्या. मी लाथ मारली असती तरी हललं नसतं.

"कोणाला विचारलंस?"

"शबे-बरात आली. गावात आम्ही कबरस्तान साफ करतो, पडलेले दगड लावतो. कोणाची कबर ते विचारत नाय."

"अरे, ही तुमच्या माणसाची तरी आहे का?"

"माणसाची हाय ना?" मग हळूच म्हणाला, "राजाभाऊ, हाक थांबली."

खरं होतं. तो रात्रीचा घोरायला लागला होता. मी कोणाला सांगितलं नाही.

पण शर्मिलाताई सुरुवातीला काढलेले फोटो घेऊन कबरी तपासत आल्या. पुण्याच्या बाई, खोदकामाची चित्रं आणि मोजमापं त्यांच्याकडे. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "काम सुंदर आहे. पण काढावं लागेल. दगड पडले होते तसेच परत ठेवायचे."

"ताई, ते काढलं तर तो परत हाका मारील," नझीर म्हणाला.

"कोण?"

मीच आमिरचं सांगितलं. बाई कबरीपाशी उकिडव्या बसल्या.

"नझीरभाई, दगड कसे पडले त्यावरून ही कबर कोणी उघडली, कधी उघडली, ते कळतं. आत पुरलेल्या माणसाला बोलायला तेवढंच उरलंय. त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे का?"

नझीरने मान खाली घातली. "नाय."

आयुष्यात मी पुष्कळ जड कामं केली. त्या दिवसाइतकं जड नाही. रचताना दगड तुम्ही निवडता. इथे फोटो सांगेल तो दगड, फोटो सांगेल तसा वाकडा. मी फोटो धरून उभा, नझीर ठेवणारा. त्याचा हात आपोआप चांगलं तोंड बाहेर करायचा. "उलटं," मी म्हणायचो. तो शिवी हासडून फिरवायचा. एक दगड नुसता कलंडलेला होता, कशाचाच आधार नसलेला. तो तसा राहावा म्हणून नझीर पालथा पडून वाळू सारखी करत होता. घाम दगडावर ठिबकत होता. त्याने अंगचोरी केली नाही. चुकून म्हणूनही एक दगड नीट बसवला नाही.

शर्मिलाताईंनी फोटोशी ताडून पाहिलं. "झालं," म्हणाल्या.

आम्ही गाडीकडे निघालो. मागच्या बाकावर तो दाराशी बसला, मी पलीकडच्या कडेला. गाडी सुरू होणार इतक्यात नझीरची मान वळली.

"आला?" मी विचारलं.

"आला."

त्याचा चेहरा मी भीतभीत पाहिला. तो रडत नव्हता, घाबरलेलाही नव्हता. त्याने दार परत उघडलं, थोडा थांबला. मग माझ्या बाजूला सरकला, मोकळ्या जागेवरची वाळू तळहाताने झटकली, आणि हात लांब करून दार ओढून घेतलं.

पूल संपेपर्यंत मीही अंग चोरून बसलो होतो.