भोंगा न वाजण्याचं कारण

आमच्या वेलिंग्टनच्या मराठी मंडळात माझी ओळख ठरलेली आहे. आफ्रिकेतल्या यादवीत साखर कारखान्यावर शेवटपर्यंत थांबलेले इंजिनिअर. ती खोटी आहे आणि मी ती इतकी वर्षं चालू दिली.

बंडखोरांचं सैन्य गावाकडे सरकत होतं, तेव्हा एक ठरलं होतं. ते पुलाजवळ दिसले की कारखान्याचा भोंगा सलग वाजवायचा आणि तो ऐकून नदीकाठच्या वस्तीने डोंगराकडे निघायचं. भोंगा वाफेवर चालायचा. म्हणून गाळप बंद असूनही एक बॉयलर पेटता ठेवला होता. त्याची आग सांभाळायला एक जुना, भरवशाचा फायरमन होता.

त्या सकाळी आम्हा परदेशी लोकांना न्यायला ट्रक आला. पेटता बॉयलर गोळीबारात सोडून जायचा नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं. गोळा पडला तर तो फुटेल, कारखाना जाईल. मी फायरमनला भट्टीतली आग बाहेर ओढून वाफ सोडून द्यायला सांगितलं. त्याने वर भोंग्याकडे बोट दाखवलं.

"मग दुसरा पेटवून घे," असं म्हणून मी ट्रककडे वळलो. थंड बॉयलरला वाफ धरायला सात-आठ तास लागतात. हे मला ठाऊक होतं, त्यालाही.

दुपारी सैन्य पुलावर आलं. भोंगा वाजला नाही. वस्तीतली माणसं घरांतच सापडली. बॉयलरला मात्र ओरखडाही आला नाही. कंपनीला दिलेल्या अहवालात मी लिहिलं, की फायरमन जागा सोडून गेला होता.

मंडळातल्या माझ्या सत्काराची बातमी इंग्रजीतही छापून आली, गावाच्या नावासकट. ती वाचून गेल्या महिन्यात एक बाई आमच्या जॉन्सनव्हिलच्या घरी आली. दारात इथल्या रीतीने किया ओरा म्हणून नमस्कार केला, बूट काढून आत आली, आणि आपण त्या फायरमनची मुलगी असल्याचं तिने सांगितलं. वडिलांना गावाने टाकलं होतं. मयतालाही शेजारी आले नाहीत. आवाज न चढवता ती सांगत राहिली.

"ते खरंच पळाले होते का?" तिने विचारलं.

बाबांना आता इतकं जुनं आठवत नाही, असं माझा मुलगा मध्येच तिला म्हणाला.

"आठवतं," मी म्हणालो. "ते पळाले नाहीत. आग मी काढायला लावली."

तिने ते लिहून मागितलं. तिचा भाऊ गावातल्या चर्चमध्ये वाचून दाखवणार होता. मी लिहिलं, आणि शेवटी जोडलं की तेव्हा आम्ही सगळेच घाबरलेलो होतो.

तिने वाचलं. "हे शेवटचं काढा. घाबरले तर माझे वडीलही होते."

मी ओळ खोडली. पण खाडाखोड दिसली तर लोक शंका घेतील, असं ती म्हणाली. मग कोऱ्या कागदावर पुन्हा लिहायला बसलो. या वेळी सगळं चार ओळींत मावलं. मी सही करत होतो तेव्हा मुलगा खिडकीबाहेर पाहत होता.