छातीची वही

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा पांढुर्ण्याच्या शाळेतून नुकतेच रिटायर झाले होते. चालताना छातीत कळ यायची म्हणून नागपूरला दाखवलं. तिथले एक डॉक्टर हृदयाला रक्त कमी पडणाऱ्या पेशंटांवर नव्या गोळीचं संशोधन करत होते. त्यांनी बाबांना त्यात घेतलं आणि एक वही दिली. रोज घरापासून स्टेशनपर्यंत चालायचं. कळ कुठे आली, किती वेळ राहिली, ते लिहायचं.

बाबांनी वहीला कव्हर घातलं, समास आखला. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, स्वतःच्या वहीत कमी मार्क कसे घेणार? रोज लिहायचे, ‘चाललो. कळ नाही. प्रकृती उत्तम.’

मी तेव्हा सौंसरला शिकवायची, रविवारी घरी यायची. एका रविवारी पाहते तर रोज बाबांसोबत चालायला जाणारी आई त्यांच्या वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहून राहिली. ‘खोटं आहे. चौकात बसून बिडी ओढली.’ पुढच्या पानावर, ‘अर्ध्यातून वापस आले.’

“बाबांनी पाहिलं तं?”

“ते आपलं लिहिलेलं कधी वाचत नाही. तू चूप राह्य.”

मी चूप राहिले. खरं सांगायचं तर पेन्सिलीला टोकही मीच करून दिलं.

महिन्यानं बाबांसोबत मी नागपूरला गेले. डॉक्टर वही वाचता वाचता ओठ दाबून हसू लागले. “मास्तर, हे समासातलं कोण लिहितं?”

बाबांनी वाकून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

एका पानावर मात्र डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “‘रोज कापडाच्या दुकानापुढे थांबतात. पाटी वाचतो म्हणतात. पाटी तर तीच आहे. मग पोटरी चोळतात.’ मास्तर, चप्पल काढा.”

दोन्ही पावलांवर बोटं ठेवून ते नाडी शोधत राहिले. उजव्या पायात लागली, डाव्या पायात जेमतेम.

“हृदयाला रक्त कमी पडतं तसं या पायालाही पडतंय. सांगितलं का नाही?”

“तुम्ही छातीचं विचारलं होतं,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी बिडी त्याच दिवसापासून बंद केली. पाय दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं सांगितलं. आणि वही यापुढे आईनं लिहायची.

परतीच्या पॅसेंजरमध्ये नरखेड येईपर्यंत बाबा वहीचे समास वाचत होते. मग म्हणाले, “तुह्या मायनं ‘पाटी’ ऱ्हस्व लिहिली, पाहिलं काय?”

चार-पाच महिन्यांत ते न थांबता स्टेशन गाठू लागले. बिडी सुटायला मात्र संत्र्याचा अख्खा हंगाम गेला, आणि तेवढे दिवस आम्ही दोघी त्यांच्या वाटेला फारशा गेलो नाही.