माडीवर निजलेलं गलबत

वेंगुर्ल्याचा भिकाजी मिस्त्री बावीस वर्षं ओमानमधल्या सूर बंदरात सुतारकाम करतोय. लाकूड दिसलं की टिचकी मारल्याशिवाय त्याला राहवत नाही.

यंदा त्याच्याकडे अर्बाब, म्हणजे मालक, मुस्तफांच्या जुन्या घराचं काम आलं. हे घर बांधलं गलबतांचे मालक असलेल्या त्यांच्या पणजोबांनी. प्रवाळाच्या दगडाच्या हातभर जाड भिंती, खाली खजुराची कोठारं, वर समुद्राकडे तोंड केलेली लांबलचक बैठक. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी, मुस्तफा रांगत असताना, कुणीतरी बैठकीला प्लायवूडचं छत ठोकलं आणि त्याच्या वर काय होतं ते घरचे विसरूनच गेले.

मस्कतहून आलेल्या आर्किटेक्ट आकांक्षा मॅडम म्हणाल्या, "तुळया कुजल्या असणार, मिस्त्री. छप्पर उतरवायचं. खलास."

भिकाजी परांचीवर चढला. पहिला प्लाय काढून त्यानं बॅटरी मारली आणि गार पडला. वर तांबडी-काळी वेलबुट्टी! आणि तुळया चक्क बाकदार! त्यानं टिचकी मारली. टण्ण! अस्सल सागवान. बोटं फिरवली, तर ओळीनं बुजवलेली भोकं. त्याचा आजा होड्या बांधायचा. त्यामुळे भिकाजीला लगेच उमगलं. काथ्यानं शिवलेल्या गलबताचे वाक, म्हणजे त्याच्या बाकदार बरगड्या, होत्या त्या! मोडलेलं गलबत पणजोबांनी घरावर चढवलं होतं.

भिकाजी परांचीवर उताणा पडला आणि खो खो हसत सुटला. तसाच त्यानं बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

"गो वसुंधरा, बघ! घराच्या डोक्यार गलबत!"

"आधी खाली उतरा," ती ओरडली, "मगे हसा!"

आवाज ऐकून मुस्तफा वर आले. वय अठ्ठ्याहत्तर. "मिस्त्री, क्या हुआ?"

"अर्बाब, जहाज! आपका जहाज!"

म्हातारबुवांनी अंगातला पायघोळ दिशदाशा गुडघ्यापर्यंत उचलला आणि कुणी अडवायच्या आत शिडी चढले. भिकाजीच्या शेजारी आडवे झाले. वर बघताच त्यांचे डोळे भरून आले, आणि पुढच्या क्षणी तेही हसायला लागले. "आजोबा सांगायचे, आपलं गलबत माडीवर निजलंय," ते मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले. "आम्हाला वाटायचं, म्हातारा बरळतोय!"

परांची गदागदा हलू लागली. खालून आकांक्षा मॅडम किंचाळल्या, "दोघंही उतरा!" पण पाच मिनिटांत त्याही वर होत्या, केसांत धूळ, हातात फोन, एकेका भोकाचा फोटो काढत.

छप्पर उतरवायचा बेत त्याच दुपारी रद्द झाला. कुजलेल्या निघाल्या फक्त दोन तुळया. त्यांच्यासाठी तसंच बाकदार लाकूड शोधायला भिकाजी दुसऱ्या दिवशी सकाळी गलबतं बांधायच्या कारखान्यात गेला आणि दिसेल त्या ओंडक्याला टिचक्या मारत सुटला.